चाकांची कड

शहाण्णव साली गुणवंत आणि कुमुद देवधर दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले. दारांच्या चौकटींतून उरलेल्या लाकडाचं गुणवंतरावांनी वाफेच्या इंजिनाचं मॉडेल करायला घेतलं. दर रविवारी सकाळी ते बाल्कनीत कानस घेऊन बसायचे. सहा महिन्यांत धुराड्यापासून शिट्टीपर्यंत सगळं हुबेहूब झालं.

पुढच्या रविवारी मात्र चाकं फिरेनात. प्रत्येकाची कड थोडी वाढली होती.

"हवेनं फुगलं असेल," असं म्हणत त्यांनी ती घासून टाकली.

त्यानंतरच्या रविवारीही तेच झालं. कुमुदताई खालचा भुसा झाडायला वाकल्या, तर तो भुसा नव्हताच. कापलेल्या नखांसारखे पिवळट, वाकडे तुकडे होते आणि त्यांना जळक्या केसांचा वास येत होता. 

"अहो, हे घरात बिल्कुल नको मला," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता तोडून टाका."

गुणवंतरावांनी वाद घातला नाही. त्यांचीही बोटं चिकट झाली होती आणि तीनदा साबण लावूनही वास जात नव्हता. ते करवत घेऊन आले.

"घट्ट धर," ते म्हणाले.

कुमुदताईंनी तोंड फिरवून बॉयलरवर दोन्ही तळवे दाबले. लाकूड कोमट आणि ओलसर लागलं. करवतीचं पातं टेकलं, आणि त्यांच्या तळव्यांखाली बॉयलरने आवंढा गिळला.