मागची सीट

पडद्यावरची चित्रं काढणारी दोन वेगळ्या कंपन्यांची ग्राफिक्स कार्डं, एक जुनं आणि एक नवं, एकाच कॉम्प्युटरमध्ये चालवायचीच, असं धाकटीनं मनावर घेतलं होतं.

"सवती आहेत त्या, एका घरात नांदायच्या नाहीत," थोरली बहीण हसून म्हणाली. पण धाकटी हट्टाला पेटली होती. खटपट करकरून तिनं त्या दोन्ही सवतींना कामाला जुंपलंच. एक चित्र जुनं कार्ड काढणार, पुढचं नवं, आणि ती इतक्या भराभर येणार की बघणाऱ्याला फरक कळू नये.

तिनं गाडीच्या शर्यतीचा खेळ लावला. भर दुपारचा मोकळा रस्ता झरझर मागे पळू लागला. फक्त गाडीतला आरसा सारखा लुकलुकत होता.

"हे काय आहे ते शोधल्याशिवाय मी उठत नाही," धाकटी म्हणाली. तिनं पडद्यावर जुन्या कार्डाचीच चित्रं ठेवली. आरशात मागची सीट रिकामी होती. मग तिनं नुसती नव्या कार्डाची ठेवली.

मागच्या सीटवर एक माणूस मान खाली घालून बसला होता.

"बंद कर गं ते," थोरली म्हणाली.

"थांब, ताई. बघू तरी."

तिनं गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली. माणसानं सावकाश मान वर करून दोघींकडे पाहिलं. मग दार उघडून तो उतरला आणि पडद्याच्या कडेपलीकडे चालत गेला.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आईची हाक आली.

"अगं, तुमच्याकडे कुणीतरी आलंय. आतच पाठवलंय मी त्यांना!"