नऊ भोकांची भिंत

"थापी खाली ठेव," दारातून आवाज आला, आणि गवंड्याने ती खरोखरच खाली ठेवली.

घरधनिणीने वळून पाहिले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी एक वृद्ध बाई उभी होती. ताठ कणा, पांढरेशुभ्र केस, हातात काठी. काठी आधारापेक्षा धाकासाठीच बाळगलेली असावी.

"माईचं घर ना हे? दार उघडं दिसलं, म्हणून आले. आत येऊ ना?"

आधी हुकूम आणि मागून परवानगी! घरधनिणीला हसू आले. "या ना, आजी."

माई आणि त्यांचे यजमान अण्णा ही नावे तिने घर विकणाऱ्या त्यांच्या पुतण्यांच्या तोंडून ऐकली होती. माईंची मुले जगभर पांगली होती. ही त्यांतली थोरलीच असणार, हे तिने मनाशी ठरवूनही टाकले. एवढा रुबाब थोरल्या लेकीखेरीज कुणाला असतो?

म्हातारी मात्र उंबऱ्यावर क्षणभर थबकली, आणि मगच आत आली.

भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, विटांच्या सांध्यांत नऊ भोके ओळीने सोडलेली होती. घमेल्यात माल कालवून तयार होता.

"ही बुजवू नकोस," म्हातारी म्हणाली.

"आजी, यांतूनच ओल येते. शिवाय पाली, मुंग्या. वहिनींनीच सांगितलंय. ही झाली की बाहेरच्या अंगाला, अगदी पायाशी आहेत, तीही बुजवायचीत."

"ओल येत नाही रे, जाते! भिंत दुहेरी आहे, मधे चार बोटं पोकळी. पावसाचं पाणी बाहेरच्या विटांतून झिरपतं, पोकळीत उतरतं आणि पायाच्या भोकांतून निघून जातं. ही वरची भोकं आरपार आहेत, त्यांनी आत वारा खेळतो. सगळी बुजवलीस तर ते पाणी जाईल कुठं? तुझ्या डोक्यात?"

गवंड्याने डोके खाजवले. "खालून पाणी येतं खरं?"

"येतं म्हणजे! पावसाळाभर ठिबकायचं. आई भांडं लावून ठेवायची."

"मालाचं काय ते लवकर सांगा, वहिनी," गवंडी पुटपुटला. "आवळत चाललाय. तासाभरात दगड होईल."

घरधनीण घुटमळली. तिचे बालपण भाड्याच्या अकरा घरांत गेले होते. कुठल्याच भिंतीची तिला आठवण नव्हती. एकाच घराची अशी खडान्‌खडा माहिती असलेल्या माणसाचा तिला मनापासून हेवा वाटला.

"पाली येतात हो, आजी," ती म्हणाली.

"बारीक जाळी लाव. पाली अडतील, वारा येईल. आणि डावीकडून तिसरं भोक आहे ना, ते जरा रुंद आहे. वारा सुटला की शीळ घालतं. घाबरू नकोस."

गवंड्याने बोटे घालून पाहिली. "तिसरं तर बाकीच्यांसारखंच आहे. रुंद आहे ते उजवीकडून तिसरं. आजी, तुमचं डावं-उजवं एक झालं वाटतं!"

म्हातारीने भिंतीकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे. "खरंच की. इथून उजवंच."

ती काठी टेकून भोकांपाशी खाली बसली. भोके बरोबर तिच्या कानाशी आली. तिने वाकून एकातून पाहिले. "पलीकडे उजेड दिसतो की!"

"मागं अंगणच आहे," घरधनीण म्हणाली.

"हं. अंगण." मग तिचा हुकमी आवाज मऊ झाला. "अण्णा संध्याकाळी मोठ्यानं वाचायचे. जरासं नाकातून, पण काय ठेका होता! आणि धाकट्याला सातचा पाढा म्हणून येत नसे. सात आठे म्हटलं की गाडी अडायची. माई विचारायची, जिभेला मुंग्या आल्या का रे? तेवढ्यात कुणीतरी हळूच 'छप्पन्न' म्हणायचं."

"कोण?"

"धाकट्याला वाटायचं, भिंतच बोलते."

घरधनीण खळखळून हसली. "आणि माईंना कळलंच नाही?"

"माईला कळत नाही असं काही होतं का? एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून पाट भिंतीला लावून बसायला लागली. पाढे सावकाश, स्वच्छ, मोठ्यानं. धाकट्याला येऊन गेले तरी थांबली नाही. पाढे झाले, मग पावकी, मग व्याज, मग अपूर्णांक. त्या पुंजीवर मी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं."

तिने तळहात विटांवर ठेवला. गवंड्याची थापी घमेल्याच्या कडेला निमूट पडून होती.

घरधनिणीचा निर्णय झाला होता. "मिस्त्री, ही भोकं राहू द्या. बाहेरचीसुद्धा."

"आणि हा कालवलेला माल?"

"पुढची पायरी फुटलीय, तिला लावा."

गवंडी घमेले उचलून बाहेर गेला. घरधनिणीने म्हातारीला हात दिला. म्हातारीने तो घेतला नाही. ती आपली आपणच उठली आणि कपडे झटकून ताठ उभी राहिली.

"आजी, आता तुम्ही मला घर दाखवा," घरधनीण उत्साहाने म्हणाली. "माई कुठं झोपायच्या, अण्णांची खुर्ची कुठं असायची, सगळं. तुमच्याइतकं कोण सांगणार?"

म्हातारीने दारातून दिसणाऱ्या बोळकंडीकडे, तिच्या टोकाच्या बंद खोल्यांकडे डोळे भरून पाहिले.

"ते तूच दाखव, बाळ," ती म्हणाली. "आम्ही भिंतीपलीकडच्या पत्र्याच्या खोलीत राहायचो. या घरात मी आज पहिल्यांदाच पाऊल ठेवलं."