शालनच्या झांजा

शालनच्या झांजा घेऊन भास्कर शाळेच्या वर्गापाशी पोचला. ती वारून महिना झाला होता. दर शनिवारी संध्याकाळी ती इथं भजनाला यायची, तेव्हा झांजा मंडळालाच देऊन टाकाव्यात, एवढाच त्याचा विचार. धीर यावा म्हणून निघताना थोडी घेतली होती.

आत मुलांच्या बाकांवर बायका अवघडून बसल्या होत्या. पेटी नाही, तबला नाही. एकजण बोलता बोलता रडत होती.

"इथं भजन असतं ना? मी शालनचा नवरा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. एक वयस्कर बाई दाराशी आल्या. वास त्यांना आलाच असणार, पण नाकाला पदर लावला नाही.

"भजन नाही हो, भाऊ. ज्यांच्या घरात कुणी पितं, त्यांची ही बैठक. दारू सोडणाऱ्यांची शेजारच्या वर्गात असते. शालनताई आधी तिथं डोकावायच्या, तुम्ही आलात का बघायला. मग इकडे यायच्या."

"दर वेळी?"

"दर वेळी."

आणि तो दर शनिवारी म्हणायचा, "जा, बडव तुझ्या झांजा." तिची पाठ वळली की बाटली काढायचा.

शेजारच्या वर्गात दाराजवळचं बाक रिकामं होतं. तो बसला. कुणीतरी हळूच नाव विचारलं. त्यानं मांडीवरच्या झांजा घट्ट धरल्या, तरी हातांची थरथर थांबेना आणि त्या आपोआप किणकिणू लागल्या.

इतक्या वर्षांत त्यांचा आवाज तो पहिल्यांदाच ऐकत होता.