उजेड बघण्यापुरतं

बाबा तिसऱ्यांदा खुर्चीवरून उठले आणि तडक दाराकडे निघाले. थोरलीने धावत जाऊन त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला, एखाद्या अनोळखी बाईने धरल्यावर सोडवून घ्यावा तसा.

"ताई, मला जाऊ द्या. तुमच्या घरच्या फोटोत माझं काय काम?"

ताई! जन्मभर 'ए कार्टे' अशी हाक मारणारे बाबा तिला ताई म्हणत होते. गेल्या वर्षभरात त्यांच्या डोक्यातून एकेक माणूस निघून गेलं होतं. आधी शेजारी, मग धाकटा, आणि परवापासून थोरलीसुद्धा. आई तेवढी अधूनमधून सापडायची, तीही सकाळच्या वेळी. आता दुपारचे तीन वाजत आले होते.

धाकट्याचं विमान रात्रीचं होतं, पण पाचला निघायलाच हवं होतं. चार वर्षांनी आला होता. पुढच्या खेपेला बाबा असतील का, आणि असले तरी त्यांच्यातले किती उरले असतील, हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. थोरलीने मात्र एका फोटोचा ध्यास घेतला होता. बाबांनी अडतीस वर्षं स्टुडिओ चालवला. अर्ध्या शहराचे फोटो काढले. घरात फोटोंनी दोन ट्रंका भरल्या होत्या आणि त्यातल्या एकातही बाबा नव्हते. मोबाइल समोर धरला की आडवा हात घालून म्हणायचे, "माझा कसला काढतेस? बाजूला हो, उजेड अडवतेस."

"सगळे जरा सैल व्हा बघू," थोरलीने त्यासाठी मुद्दाम बोलावलेल्या फोटोग्राफर बाई म्हणाल्या. बाई पोक्त होत्या, स्वभावानेही गोड होत्या. पण सैल व्हा म्हटल्यावर आजवर कोण सैल झालंय? धाकटा आणखीनच ताठ झाला. दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखं आईने तोंड आवळून घेतलं. बाबांना कसंबसं आणून बसवलं, तर त्यांची नजर परत दाराकडे. कोणत्याही क्षणी उठून पळतील असे ते खुर्चीच्या कडेला टेकले होते.

"अहो, नीट बसा ना," आई काकुळतीने म्हणाली. तेवढ्याने बाबा चौथ्यांदा उठले.

"राहू दे गं," धाकटा वैतागून म्हणाला. "का छळतेस त्यांना? आपण तिघांचाच काढू."

"तिघांचा नकोय मला!" थोरली ओरडलीच.

बाबा दचकले. घाबरून मागे सरले आणि कॅमेऱ्याच्या स्टँडला अडखळले. स्टँड कलंडणार इतक्यात त्यांच्या हाताने तो सावरला. सावरला आणि हात तिथून हलेना. बाबा वाकले, कॅमेऱ्याला डोळा लावला.

"हा दिवा कुणी लावलाय?" त्यांचा आवाजच बदलला. "नाकाची सावली पार ओठांवर आलीय. मागे घ्या. अजून. हां!"

बाईंनी मुकाट्याने दिवा मागे ओढला.

"साहेब, हात खिशातून काढा. कुणी चोरत नाही तुमचे हात. वहिनी, हनुवटी खाली. अगदी छान. तुम्हाला बघून मालकांनी कसं लगेच हो म्हटलं असेल, ते कळतंय."

आई खुदकन हसली. धाकट्याचे खांदे उतरले. तासाभरात जे जमलं नव्हतं ते बाबांनी दोन मिनिटांत करून दाखवलं. थोरली मात्र हसली नाही. पुन्हा तेच झालं होतं. सगळे फोटोत आणि बाबा कॅमेऱ्यामागे.

बाबांनी मान वर केली. "मधली खुर्ची रिकामी का? तुमचे वडील कुठायत?"

आई आणि धाकटा, दोघेही थोरलीकडे बघू लागले.

"त्यांच्याशिवाय नाही काढणार मी. आता घाईघाईत उरकाल आणि मग जन्मभर हळहळाल. पुष्कळ पाहिलेत असे."

थोरलीला एकदम रविवार आठवले. शाळेला सुट्टी म्हणून ती स्टुडिओत असायची. कुणाच्या आजोबांना, कुणाच्या काकांना यायला उशीर झाला की बाबा तिलाच त्या जागी बसवायचे आणि दिवे लावून घ्यायचे. किती परक्या घरांच्या मधोमध ती अशी बसली होती.

"निघालेत ते," ती म्हणाली. "रस्त्यातच आहेत. तोवर तुम्हीच बसता का त्यांच्या जागी? उजेड बघण्यापुरतं?"

"त्यात काय! बसतो की."

बाबा आले आणि ऐसपैस बसले. पाठ टेकलेली, हात गुडघ्यावर, चेहऱ्यावर जराही ताण नाही. फोटो त्यांचा नव्हताच ना. फोटोग्राफर बाई चटकन कॅमेऱ्याजवळ गेल्या. थोरली खुर्चीला बिलगून उभी राहिली. तिने खूप आवरलं, तरी डोळे भरून आलेच.

बाबांनी ते पाहिलं. तिच्या हातावर थोपटत, समोर बघून हसत ते म्हणाले, "रडू नका, ताई. तुमचे वडील येईपर्यंत मी इथून उठत नाही."