धाकटीचा दिवस

मेण फरशीवर सांडलं की आधी पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. मग कडेनं पांढरं होत आत सरकतं. मधला ठिपका सर्वांत शेवटी गोठतो. तोवर सुरी लावायची नाही, नाहीतर सगळं पसरतं. ताई पायरीवर बसून तो ठिपका गोठायची वाट पाहत होत्या. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवल्यामुळे त्यांना घाई नव्हती. शिवाय बसायला तेवढंच निमित्त.

वर्षातले चार दिवस हे घर वाचकांचं असे. बाबांची जयंती, त्यांची पुण्यतिथी, पहिल्या पुस्तकाचा दिवस आणि आजचा. चौथ्या पुस्तकात याच तारखेला, सूर्य मावळताना, धाकटी पुलावरून धुक्यात चालत गेली ती परत आलीच नाही. पुस्तकातली मुलगी ती. पण लोक राखाडी शाली पांघरून येत, पायऱ्यांवर मेणबत्त्या लावत आणि खरोखरीचं रडत. ताई खुर्च्या मांडत, चहा करत आणि लोक गेले की मेण खरवडत.

बाबांनी नेमकी हीच तारीख का निवडली, यावर दरवर्षी चर्चा होई. यंदा एका प्राध्यापकांनी ग्रहांची स्थिती मांडून दाखवली. गणित चुकलंय हे ताईंना लगेच कळलं. त्या कपबश्या गोळा करत राहिल्या. एक म्हातारी वाचक नाक पुसत त्यांना म्हणाली, तुम्हांला काय कळणार, आमच्याकडे ते पुस्तक वाचून आठवडाभर कुणी धड जेवलं नव्हतं. ताईंनी तिला पाणी दिलं.

लेकीचे फोन सकाळपासून येत होते. या दिवशी तरी माझ्याकडे ये, असं ती दरवर्षी म्हणे. एकदा त्या लोकांना नाही म्हण, आई, एवढं काय अवघड आहे त्यात. ताईंना ते कधीच पटलं होतं. पण रडत आलेल्या माणसाला नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं, हे लेकीनं सांगितलं नव्हतं.

गर्दी पांगली. वाचक मंडळाचे सचिव तेवढे मागे राहिले. त्यांनी पुस्तकातल्या शिकाऱ्याचा अंगरखा घातला होता आणि पोटावरची बटणं केव्हाच सुटली होती. ते शेजारच्या पायरीवर टेकले आणि बेत सांगू लागले. पुढल्या वर्षी चौथ्या पुस्तकाला पन्नास वर्षं होणार. आठवडाभर कार्यक्रम करायचे. अंगणात धाकटीच्या नावाचा दगड बसवायचा, त्यावर ही तारीख कोरायची. दगड घडवायला द्यायचा तर होकार आजच हवा होता.

"आता तुम्ही 'बघू' म्हणणार," ते हसून म्हणाले. "आणि तुमचं बघू म्हणजे हो, हे आम्हांला पाठ झालंय, ताई."

बघू ओठांवर आलंच होतं. ताईंनी सुरी खाली ठेवली.

"दगड नको," त्या म्हणाल्या.

सचिवांना वाटलं, जागेची अडचण असेल. अंगणात नको तर फाटकाबाहेर बसवू, तुमच्या वाटेत येणार नाही, असं त्यांनी समजावलं. ताईंनी त्यांना पूर्ण बोलू दिलं.

"जागेचं नाही म्हणत मी. पुढल्या वर्षीपासून या दिवशी हे दार उघडणार नाही. बाकीचे तीन दिवस खुशाल या, चहा मी करीन."

सचिवांचा चेहरा पडला. आमचं काही चुकलं का, असं त्यांनी हळूच विचारलं.

"तुमचं नाही. बाबांना तारखा लक्षात राहायच्या नाहीत. जी एक राहायची, ती त्यांनी पुस्तकात घातली." ताईंनी सुरी पुन्हा उचलली. "आज मला साठावं लागलं."