गुरुवार, दुपारी एक वीस

रावसाहेबांची आई साथीच्या तापानं वारली आणि त्यांनी शेजारच्या शालनच्या नावानं तक्रार ठोकली, की रोग हिनंच आणला. शालन शाळेत खिचडी शिजवायची. तक्रार खरी ठरली तर तिचं काम जाणार होतं.

आरोग्यसेविका सुमती यंत्र घेऊन घरी आली. रक्ताचा थेंब टाकला की लागण कुणाकडून झाली आणि कधी झाली ते पट्टीवर उमटायचं, पाच मिनिटं इकडेतिकडे. घरातल्या पाचही जणांच्या पट्ट्या कोऱ्या निघाल्या.

"बघा ताई, आम्ही सगळे स्वच्छ," रावसाहेब म्हणाले. "आईची सेवा केली, पण काळजी घेऊन."

ताप उतरलेली शालन उंबऱ्याबाहेर उभी होती. तिला आत कुणी बोलावलंच नव्हतं. सुमतीनं तिची पट्टी वाचली. "आजीकडून शालनला. गुरुवारी, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी. हिनं काही आणलेलं नाही."

"तेव्हा मी आजीला पेज भरवत होते," शालन म्हणाली.

"पेज कशाला?" रावसाहेबांची बायको तडकली. "रोज ताट ठेवत होतो की खोलीच्या दाराशी."

"ठेवत होता, वहिनी. पण त्यांना उठता कुठं येत होतं? मी गेले तेव्हा तीन दिवसांची ताटं दाराशीच होती."

सुमतीनं तक्रारीवर 'खोटी' असा शिक्का मारला.

"ताटांचं काही लिहू नका," रावसाहेब हळूच म्हणाले.

"नाही लिहीत," सुमती म्हणाली. "अर्जात त्याला रकानाच नाही."