कर्ण्यांचे नवे पडदे

ओगल्यांच्या बैठकीत कमरेएवढ्या उंचीचे दोन जुने स्पीकर होते, आत लाकडी कर्णे असलेले. निवृत्तीनंतर त्यांचा सगळा जीव त्यांतच अडकलेला. आवाज उमटवणारे आतले फाटलेले पडदे काढून त्यांनी परदेशातून मागवलेले नवे बसवले आणि ऐकायला मित्राला, बोडसांना, बोलावलं.

रेकॉर्डवरच्या गायिकेची बंदिश खोलीभर पसरली. ओगले डोळे मिटून डोलत होते. "श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येतो की नाही?"

"जरा बंद करता?" बोडस म्हणाले.

ओगल्यांनी घाबरून बटण फिरवलं. कुठे खरखरतंय की काय! पण बोडसांचे कान स्वयंपाकघराकडे लागले होते. तिथून तीच बंदिश येत होती, दबक्या पण अगदी नितळ आवाजात.

"वहिनी गातात? कधी बोलला नाहीत!"

 बायको शैलजा गुणगुणायला लागली की "गप्प बस गं, मला ऐकू दे," एवढंच ओगले आयुष्यभर म्हणत आले होते. ती काय गाते, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

ते उठून आत गेले. त्यांना दारात पाहताच ती थांबली. 'गा ना' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तोच ती ओशाळून म्हणाली, "बाहेर ऐकू आलं का? चुकलं हो माझं. तुम्ही ऐका निवांत."

ओगले तिथेच उभे राहिले. तिच्याकडे बघवेना आणि बाहेर बोडसांपुढे जाववेना.